बस भरून दिसावी म्हणून

३ मार्च

बस मंजूर! पाचांपैकी तीन हात वर, त्यातला एक माझाच. दोन वर्षं या एका बसपायी मी नगरपालिकेत सगळ्यांचं डोकं खाल्लं.

डोंगरातल्या आमच्या पाचही वस्त्यांवर शाळा सहावीपर्यंत. पुढचं शिकायचं तर खाली हांकोमार्का गावात यायचं. चालत कोण येणार? मुलगे एल आल्तो शहरात काकामामांच्या घरी जातात, मुली मेंढरांमागे. माझ्या थोरल्या बहिणीची, तोमासाची, लेक नेलिदा सहावीत पहिली आली आणि वर्षभर घरी बसून आहे. लोकर कातते आणि रुसते.

आजच्या बैठकीत एक सदस्य म्हणाला, ‘पोरी शिकून काय करणार बाई, कळपातल्या लामांना हिशेब शिकवणार?’ म्हटलं, ‘तुम्ही शिकून काय केलंत ते दोन वर्षं बघतेच आहे की.’ नगराध्यक्ष खोकले. त्यांना हसू आलं की ते खोकतात.

हांकोमार्कातल्या माझ्या खोलीवर येऊन एकटीच हसले. नगरसेविका झाल्यापासून पहिल्यांदा वाटलं, ही खुर्ची नुसती बसायला नाही.

९ मार्च

बस आली. पिवळी. गाडी जुनीच, रंग तेवढा नवा. ड्रायव्हर गुमेर्सिंदो म्हणतो, ‘बाई, ब्रेक उत्तम आहेत, हॉर्न नाही.’ उलटं असतं तर?

१५ मार्च

घसा बसलाय. काल उद्‌घाटन.

परवा कालाउताला, आमच्या वस्तीवर गेले होते. तोमासा म्हणाली, ‘बासिलिया, एवढी मोठी गाडी. आपली मोठी पोरं किती? चार पोरी. पाच वस्त्या धरून बघ, तरी अर्धी बस रिकामी. जिल्ह्याचा साहेब येणार, राजधानीहून, ला पासहून कोण कोण येणार, आणि त्यांच्यासमोर रिकामी बस उतरवायची? लोक म्हणतील, हिनं हट्टानं आणली, बसणारं कोणी नाही.’

खरं होतं तिचं. मलाही तीच धास्ती होती.

आमच्याकडे याला जुना उपाय आहे. शिक्षण खात्याचा माणूस पटसंख्या मोजायला आला की वस्त्या एकमेकींना पोरं उसनी देतात. कालाउताला कमी पडली की शेजारच्या वस्तीची येऊन बसतात, त्यांच्याकडे मोजणी असली की आमची जातात. याला कोणी खोटेपणा म्हणत नाही. बैल देतो, बी देतो, तशी पोरं. मास्तरांना माहीत असतं. मोजणाऱ्यालाही थोडंफार माहीत असावं, कारण तो चेहरे फार निरखून बघत नाही.

मग काय, धाकटी पोरंही बसमध्ये चढवली. पाचही वस्त्यांची. तोंडं धुऊन, केस ओले करून, तिघं तिघं एका बाकावर. तोमासाची धाकटी येसिका खिडकीशी. सहा वर्षांची. आयुष्यात पहिल्यांदा बसमध्ये बसली होती. खाली चौकात बस थांबली आणि पोरं उतरता उतरेनात, संपतच नव्हती! बँड वाजला. रिवाजाप्रमाणे बसच्या चाकांवर बिअर शिंपडली, माझ्या टोपीवर रंगीत कागद उधळले. मी भाषण केलं. म्हटलं, ‘आता आमच्या कुठल्याही लेकराला शाळा लांब नाही.’ टाळ्या पडल्या. छान वाटलं, खोटं कशाला बोलू.

जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांनी फोटो काढले. येसिकासमोर वाकून विचारलं, ‘बाळ, दमलीस?’

‘नाही.’

‘रोज येशील बसने?’

‘हो!’

दुसरं काय म्हणणार ती?

साहेबांनी जाताना माझा हात दोन्ही हातांत धरला. ‘मोठं काम केलंत, बाई.’

२ एप्रिल

नेलिदा दुपारी खोलीवर आली, सूप प्यायला. गणवेश तिला मोठा होतो, बाह्या दुमडून घालते. गावातल्या पोरी तिच्या बोलण्याला हसतात म्हणाली. विचारलं, ‘मग तू काय करतेस?’ ‘गणिताच्या तासाला मी त्यांना हसते.’ माझ्यावर गेली आहे, तोमासा कितीही नाही म्हणो.

२२ एप्रिल

तार्की गुरुजी मोटरसायकलवरून खाली आले. कालाउताला बारा वर्षं एकटे पहिली ते सहावी शिकवतात, एकाच खोलीत. आमच्या आयमारा भाषेत ओरडतात, स्पॅनिशमध्ये शिकवतात. टोपी काढून हातात धरली, तेव्हाच ओळखलं.

हुकूम आलाय. जुलैच्या थंडीच्या सुट्टीनंतर पाचही वस्त्यांच्या शाळा बंद. शिक्षक दुसरीकडे. कारण — नगरपालिकेने वाहनाची सोय केली असून लहान मुलेही सुखरूप प्रवास करतात असे दिसून आले आहे.

‘बाई, सोबत फोटो लावलाय,’ गुरुजी म्हणाले.

फोटोत येसिका हसते आहे. पुढचे दोन दात नाहीत. मागे मी, कागदांनी भरलेल्या टोपीत.

गुरुजी कॉफी न पिता गेले. रागावून बोलले असते तर बरं झालं असतं.

२३ एप्रिल

शिक्षणाधिकाऱ्यांकडे गेले. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल. फार सभ्य. खुर्ची स्वतः ओढून दिली. भांडणाऱ्या माणसाशी मला भांडता येतं, गोड बोलणाऱ्यापुढे माझी जीभ लुळी पडते.

म्हटलं, ‘साहेब, ती धाकटी पोरं त्या दिवसापुरती होती. बस भरून दिसावी म्हणून बसवली होती.’

‘म्हणजे तुम्ही आम्हाला खोटं दाखवलंत?’

हो म्हटलं तर खोटारडी, नाही म्हटलं तर शाळा बंद.

म्हटलं, ‘सहा वर्षांची लेकरं, साहेब. पहाटे गोठवणारी थंडी असते.’

‘बाई, एका खोलीत सहा वर्ग, एक मास्तर. इथं खाली प्रत्येक वर्गाला वेगळा शिक्षक आहे, संगणक आहे. तुमच्या मुलांना कमी का मिळावं? तुम्हीच म्हणालात ना, आता कुठल्याही लेकराला शाळा लांब नाही. मी ते वाक्य अहवालात घातलंय. तुमच्या नावानं.’

आणि वाईट म्हणजे तो लबाड नाही. त्याला खरंच तसं वाटतं. माझंच बोलणं त्यानं माझ्यापुढे ताटात वाढलं, आणि मला ते गिळता येईना.

उठताना म्हणाला, ‘फेरमोजणी घेऊ. पट पुरेसा असला तर बघतो.’

३० एप्रिल

कालाउतात सभा. सगळ्यांनी आपापलं अन्न एका कापडावर ओतलं, बटाटे, गोठवून वाळवलेल्या बटाट्याचा चुन्यो, थोडं चीज. खाल्लं, कोकाची पानं चघळली, मग भांडलो. उपाशीपोटी आम्ही भांडत नाही.

फेरमोजणीचं सांगितलं तेव्हा सगळ्यांचे चेहरे उजळले. त्यात काय, पोरं उसनी आणू! मग मी सांगितलं, पाचही वस्त्यांची मोजणी एकाच दिवशी, एकाच वेळी आहे.

मग वस्तीचे प्रमुख साबिनोकाका म्हणाले, ‘मग कोणी कोणाला द्यायची?’

मागून कोणीतरी म्हणालं, ‘मेंढरांना गणवेश घाला.’ सगळे हसले, मीही हसले. हसू विरलं तेव्हा तोमासा माझ्याकडे बघत होती.

१२ मे

मोजणी झाली. जेवढी होती तेवढीच भरली. पट पुरला नाही.

५ जून

बैठकीत ठराव मांडला, शिक्षक वस्त्यांवरच ठेवा. पाचही हात वर! मी खूश. नगराध्यक्ष खोकले नाहीत, म्हणाले, ‘बासिलियाबाई, ठराव घ्या, हवं तर चौकटीत बसवा. शाळेचं छप्पर आपलं, पोरांचा दूध-पाव आपला, बस आपली. मास्तर ला पासचा. त्याच्यावर आपला काडीचा हक्क नाही.’

ठाऊक होतं मला. तरी हात वर झाले की माणूस हुरळतो.

१३ जून

ला पासला जाऊन आले. मंत्रालयाच्या बोळात बाकावर दिवसभर बसले. शेजारी दक्षिणेकडची एक बाई, तिच्याकडे उलटं — मास्तर आहे, छप्पर नाही. आम्ही चेष्टेत म्हटलं, अदलाबदल करू. संध्याकाळी एका मुलीने माझा कागद घेतला, वाचला आणि म्हणाली, ‘हे जिल्ह्यात विचारायचं.’

जिल्ह्यात!

२१ जून

आमचं आयमारा नवं वर्ष. डोंगरावर सगळ्यांबरोबर पहिल्या उन्हाकडे हात पसरून उभी राहिले. काय मागितलं ते इथं लिहीत नाही.

१९ जुलै

आज सुट्टी संपली. गुरुजी गेले. शाळेच्या खोलीला कुलूप, घंटा तेवढी बाहेर टांगलेली.

मी मुद्दाम कालाउतालाच राहिले होते. पोरं अंधारात रस्त्यावर उभी. गोधडीत गुंडाळलेली, नुसते डोळे दिसत होते. बस उशिरा आली, थंडीनं इंजिन धरत नव्हतं. आमच्यानंतर अजून चार वस्त्या घेत घेत जायची. येसिका पहिल्याच वळणाला ओकली. नेलिदाने तिला मांडीवर घेतलं, तिचं तोंड आपल्या गणवेशाने पुसलं. मी शेजारी बसले होते आणि खिडकीबाहेर बघत होते. दुसरं काय बघू!

खाली वर्गात पोरंच पोरं, बाकावर चौघं. वर्गाच्या बाई चांगल्या आहेत, पण आयमाराचा एक शब्द येत नाही त्यांना. येसिकाला लघवीला जायचं होतं, ते स्पॅनिशमध्ये कसं म्हणायचं तिला ठाऊक नव्हतं. नंतर बाई मलाच म्हणाल्या, ‘हिला घरी काही शिकवत नाहीत का?’

संध्याकाळी तोमासाने तिचे कपडे दगडावर आपटून धुतले. मग म्हणाली, ‘उद्यापासून ही जाणार नाही. तुझी बस तुलाच लखलाभ.’

‘ताई, बस कोणी भरायला सांगितली होती?’ असं माझ्या तोंडून गेलं.

नको होतं जायला.

२३ जुलै

कालाउतातली धाकटी पोरं एकही बसमध्ये चढत नाहीत. येसिका मेंढरांमागे जाते. गुरुजींची घंटा वाजवून येते म्हणे जाता जाता. शाळा लांब होती तेव्हा नेलिदा घरी बसली. शाळा जवळ केली तर हिला घरी बसवली. काय करून ठेवलं मी हे?

२८ जुलै

सभा. ठरलं — रस्ता अडवायचा. बस वर आली नाही तर वाहनाची सोय उरत नाही, सोय नाही म्हणजे मास्तर द्यावाच लागेल. साबिनोकाकांनी हे इतकं साधं करून सांगितलं की मला हेवा वाटला. मी तीन महिने अर्ज लिहीत बसले होते.

मग आन्सेल्मो उठला. माझ्या खुर्चीचा पर्यायी सदस्य, मी सोडली तर तो बसणार. ‘बासिलियाबाईंची निम्मी मुदत संपली. आपल्याकडे पाळी असते. पाण्याची पाळी, मेंढरांची पाळी, खुर्चीची पाळी. त्यांनी बस आणली आणि शाळा घालवली. आता मला बसू द्या.’

कायद्याने मला पाच वर्षं कोणी हलवू शकत नाही. पण कायदा खाली हांकोमार्कात राहतो, वर चढत नाही. कोणी माझ्या बाजूने बोललं नाही. तोमासाही नाही.

शेवटी साबिनोकाकांनी तोडगा काढला. मास्तर परत आला तर खुर्ची माझी. नाही आला तर आन्सेल्मोची.

१ ऑगस्ट

वळणावर दगड रचले. ज्या बसच्या मंजुरीवर माझी सही आहे, त्याच बसच्या वाटेवर पहिला दगड ठेवायला साबिनोकाकांनी मला बोलावलं. ठेवला. टाळ्या नाहीत, पण माना डोलल्या. बऱ्याच दिवसांनी आपल्यांत उभी आहे असं वाटलं.

मान वर केली तर पलीकडे नेलिदा. गणवेशात, दप्तर पाठीला. बाकीच्या तिघी मागे.

‘मावशी, आम्ही कशा जायचं?’

म्हटलं, ‘थोडे दिवस.’

‘मागच्या वर्षीही आई हेच म्हणायची.’

तोमासाने तिला हाताला धरून नेलं.

३ ऑगस्ट

साहेबांचा फोन. पहिल्यांदा आवाजात साखर कमी. ‘बाई, ला पासहून विचारणा झाली. मुलं शाळेविना आहेत, वर्तमानपत्रात आलंय. सोमवारपर्यंत रस्ता बंदच असेल तर मी तार्कींना परत पाठवतो. पण मग बस काढून घेऊ. दोन्ही मिळणार नाही. शाळा हवी की बस, ते लोकांना विचारा.’

विचारलं. ‘शाळा!’ सगळ्यांनी एकदम. धाकटी पोरं जास्त, मोठ्या पोरी चार. यात विचारायचं ते काय? तोमासाने मला मिठी मारली. एप्रिलनंतर पहिल्यांदा. म्हणाली, ‘येसिका माझ्या डोळ्यांसमोर शिकेल.’

‘आणि नेलिदा?’

‘नेलिदा मोठी आहे. एल आल्तोला ड्रायव्हर गुमेर्सिंदोच्या वहिनीला घरकामाला मुलगी हवी आहे. खाऊन-पिऊन ठेवते. रविवारी सुट्टी.’

नेलिदा चुलीपाशी होती, ऐकत होती. रडली नाही. बटाटे सोलत राहिली.

जिंकलो आम्ही. फक्त सोमवारची वाट बघायची. माझी खुर्चीही राहिली. मग मला जेवण का जाईना?

४ ऑगस्ट

नेलिदा आली आणि दारातच उभी राहिली. ‘मावशी, तू नगरसेविका आहेस ना? मग सांग की त्यांना.’

काय सांगू? कोणाला सांगू? साहेबांपुढे माझं चालत नाही, सभेपुढे चालत नाही, बहिणीपुढे तर कधीच चाललं नाही. बटाटे खा म्हटलं तिला. गेली.

आज रात्री रस्त्यावर राखणीची पाळी माझी.

५ ऑगस्ट

रस्ता मोकळा झाला. बस वर आली, चौघी मोठ्या पोरी बसून गेल्या. साहेबांचा फोन — रस्ता खुला, वाहन सुरू, प्रकरण बंद. गुरुजी येणार नाहीत. येसिकाला सोमवारपासून अंधारात उठवायचं. आन्सेल्मो खुर्चीचे कागद घेऊन खाली गेलाय.

साबिनोकाकांनी विचारलं, दगड कोणी काढले? म्हटलं, ‘पोलीस होते. पुष्कळ होते. मी एकटी काय करणार?’ तोमासा रडत होती. म्हणाली, ‘नुसती हाक तरी मारायचीस.’

पोलीस नव्हते. त्या चौघी होत्या. मला बघूनही थांबल्या नाहीत. मोठा दगड त्यांना हलेना, तेव्हा मी हात लावला.